दस्तगीरमामा आणि काळी बांगडी

मी एकदा पेरूच्या कलमांना हिरवा चुडा भरला होता.

एवढं वाक्य लिहिलं आणि चष्मा काढून हसत बसले. सुनेनं आतून विचारलं, "आई, काय झालं?" म्हटलं, काही नाही गं, जुनी ओळखीची बाई आठवली. ती बाई म्हणजे मीच, दहाबारा वर्षांपूर्वीची. आणि तेव्हा मी काही अल्लड पोर नव्हते. साठीकडे झुकले होते, घरात सून आली होती, गुडघे बोलायला लागले होते. अक्कल तेवढी अजून वाटेत होती. कुठलंही कृषी प्रदर्शन असो, मी कापडी पिशवी घेऊन हजर. प्रत्येक स्टॉलवरचं पत्रक घरी आणायचं, गादीखाली ठेवायचं आणि झोपेत ते आपोआप डोक्यात शिरतं असं समजायचं. त्यामुळे फळबागेतलं आपल्याला सगळं कळतं याबद्दल मला शंकाच नव्हती.

चुडा भरला त्या दिवशीचा फोटो आहे. मी नऊवारी नेसलेय, मागे महिला मंडळाच्या बायका, पुढे हिरव्या बांगड्या घातलेली कलमं. त्या फोटोतली बाई इतकी खुशीत हसतेय की आज बघताना तिच्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो. कारण हिरव्या बांगड्या भरण्याआधी तिनं काही कलमांवरच्या काळ्या बांगड्या उतरवल्या होत्या. त्या घातल्या होत्या दस्तगीरमामांनी.

मामा आता नाहीत. असते तर हे लिहू दिलं नसतं.

दस्तगीर मणेर. बांगड्या भरणाऱ्यांचं जुनं घराणं. आजा, बाप डोक्यावर पेटी घेऊन गावोगाव फिरलेले. मामांनी तो धंदा बायकोवर सोपवला आणि स्वतः झाडांत शिरले. आमचं घर कसबा बावड्यात, रान नदीपलीकडे शियेच्या माळाला. त्या वाटेवरच त्यांचं बिऱ्हाड होतं. पुढे जैतूनमामींचं बांगड्यांचं दुकान, मागे मामांची नर्सरी. काकणं भरायला आलेल्या बाईला मागून मातीचा वास यायचा आणि कलमं न्यायला आलेल्या माणसाला पुढून काचेची किणकिण ऐकू यायची.

मामा देखणे होते आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. दाढीला मेंदी, कानात अत्तराचा बोळा, पायात पांढरे बूट. चिखल आला की बूट काढून हातात घ्यायचे, पण घालायचे पांढरेच. आवाज असा की नर्सरीत बोलले तर रस्त्यानं चाललेली म्हैस थांबावी.

गिऱ्हाईक आलं की ते त्याला झाड दाखवत नसत. आधी बाकड्यावर बसवायचे. "या पावणं. कुठलं गाव? रान कसलं? पाणी कुणाचं?" इथवर सगळेच विचारतात. मामांचं पुढे सुरू व्हायचं. "चूल एक हाय का दोन? थोरल्याचं नि धाकट्याचं बोलणं हाय न्हवं? पोरगं पुण्याला हाय म्हंता, ते परत यायचंय का तिकडंच ऱ्हायचंय? फळ धरंल तवा तोडाया घरात कोण असंल?"

माणूस वैतागायचा. "मामा, कलमं द्या की. सोयरीक करायलाय व्हय?"

"सोयरीक मोडता येती," मामा म्हणायचे. "पंधरा वरसाचा आंबा उपटून दावा."

जात पारखायची त्यांची रीतही न्यारी होती. कितीही गोड वाण असो, फळ आधी कमरेइतक्या उंचीवरून खाली टाकायचे. मग ते उचलून फळीवर ठेवायचे आणि दोन दिवसांनी आपटलेल्या जागी डाग पडला का ते बघायचे. चव त्यानंतर. "घरच्या झाडाचं फळ तोंडात पडतंय," म्हणायचे, "बाजाराचं आधी टेम्पोत पडतंय."

एकदा दोघे भाऊ केसर आंब्याची बाग करायची म्हणून त्यांच्याकडे आले. एकाच मोटरसायकलवरून आलेले, बाकड्यावरही एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बसलेले. मी तेव्हा पुढे दुकानात काकणं भरून घेत होते. मामांनी चुलीचं विचारलं. थोरला म्हणाला, "एकच की." धाकटा नुसता हसला. मामांनी त्या धाकट्याचं हसणं नीट बघून घेतलं.

"आंबा नगा," शेवटी म्हणाले. "पपई न्या."

"का वो?"

"पपई लौकर आटपती."

थोरला तिथल्या तिथं उठला. त्यांनी दुसरीकडून केसर आणली. बाग छान आली, पहिला मोहोर धरला आणि त्याच वर्षी वाटणी झाली. बांध बागेच्या मधोमध आला. आंब्याची एक अख्खी ओळ नेमकी त्या बांधावर होती. ती कुणाची, यावरून तालुक्यापर्यंत जाऊन आले, आणि शेवटी धाकट्यानं ती ओळ मोहोरासकट कापून टाकली. आता याला कुणी शहाणपण म्हटलं असतं. आमच्याकडे लोक म्हणाले, मणेर बोलला म्हणून झालं.

तेव्हापासून लोक मामांना जरा बिचकायला लागले. कलमं त्यांच्याकडूनच न्यायची, पण एकदा बाग फुलावर आली की मामांना बांधावरच चहा द्यायचा, आत बोलवायचं नाही. मामांना ते कळत होतं. ते बांधावर उभ्याउभ्या चहा प्यायचे, तिथूनच बागेवर नजर फिरवायचे आणि काही न बोलता जायचे. ते काही न बोलता गेले की घरातल्यांना झोप लागत नसे.

पण ते काही देवमाणूस नव्हते हो. चुकायचे, आणि चुकले की त्याचाही डंका वाजवायचे. गगनबावड्याच्या एका शेतकऱ्याला त्यांनी काजूची एक जात दिली. मोहोर ऐन धुक्यात आला आणि काळा पडला. मामा एसटीनं तिथं गेले, भर बाजारात उभे राहिले आणि ओरडले, "मी दस्तगीर मणेर. ह्या माणसाला मी चुकीची जात दिली. ह्याची काय बी चूक न्हाय!" तो शेतकरी बिचारा त्यांचा सदरा धरून, "मामा, हळू बोला, लाज वाटायलीय," म्हणत होता. त्याला त्यांनी पदरची फणसाची कलमं दिली आणि जिंकल्यासारखे परत आले. मला म्हणाले, "माझ्या झाडात चुकायचं तर मीच चुकणार, वैनी. दुसरं कोण चुकल्यालं मला खपत न्हाय."

हे वाक्य तेव्हा मला फार विनोदी वाटलं होतं.

आता बांगड्यांचं. झाडाला कागदाची चिठ्ठी बांधली तर पावसात अक्षर जातं, म्हणून मामा जातीची खूण बांगडीनं करायचे. जैतूनमामींच्या दुकानातली जोडी फुटलेली, उरलीसुरली काकणं. कलमाचा शेंडा मुठीत धरायचा आणि वरून बांगडी उतरवायची. हिरवी म्हणजे सरदार पेरू, तांबडी म्हणजे गुलाबी गराचा पेरू, पिवळी म्हणजे केसर आंबा. खोड जाड झालं की बांगडी फोडून काढायची. तोवर झाड कोण आहे ते सगळ्यांना पाठ झालेलं असायचं.

माळाच्या रानात पेरू लावायचा असं आमच्या घरी ठरलं तेव्हा मामा म्हणाले, सरदार लावा. पांढऱ्या गराचा, दणकट, त्यांच्या नर्सरीतल्या स्वतःच्या मातृवृक्षावर बांधलेला. मी नाक मुरडलं. प्रदर्शनात मी तैवान पिंक बघितला होता. बशीत कापून ठेवलेला, गुलाबी, जणू लग्नातला शालू. पहिल्याच वर्षापासून फळ. मी म्हटलं, "मला गुलाबीच पाहिजे."

"वैनी, त्याचं आईझाड माझ्याकडं न्हाय. बाहेरनं आणावं लागंल. दुसऱ्याच्या पिशवीतली माती मी कवा रानात घातलेली न्हाय."

"मातीला काय झालंय, मामा?"

"तेच ठाव नसतंय न्हवं."

आमचे हे म्हणाले, मामा म्हणतात ते ऐक. मी दोन दिवस रुसले. साठीच्या बाईनं पेरूच्या रंगावरून रुसावं! मी रुसले, आणि मामा माझ्यासाठी परराज्यातून गुलाबी पेरूची कलमं घेऊन आले. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या पिशवीतली माती.

त्यांचा एक नियम होता. कलमं आणल्या आणल्या लावायची नाहीत. आठवडाभर नव्या रानात सावलीला ठेवायची. "पावणं हायत. बसू द्या जरा." तो आठवडा मामा रोज यायचे, मधूनच एखादी पिशवी फाडायचे, बादलीत मुळं खळखळून धुवायचे आणि ती उन्हाकडे धरून बघायचे. बाकीच्या कलमांना त्यांनी तांबडी बांगडी घातली होती. एका बाजूच्या गठ्ठ्यातल्या काहींना एके दिवशी काळी घातली. त्या दिवशी त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक ऐकला.

"काळी हाय त्या झाडाला हात लावू नगा. ज्यानं दिली त्याला जाऊन इचारून येतो. मी येईस्तवर थांबा."

आणि मी थांबले नाही. मंडळाच्या बायकांना मी आधीच बोलावलं होतं. झाडांची ओटी भरायची, मग लावायची, मग जेवण, अशी सगळी आखणी. बायका आल्या आणि एकीनं बघितलं. "अगं बाई, नवी झाडं आणि काळी काकणं? शोभतं का?" दुसरी म्हणाली, "हिरवा चुडा हवा की." मला ते इतकं पटलं! जैतूनमामींकडे माणूस पाठवून मी हिरव्या बांगड्यांची पेटीच मागवली. त्या माउलीनं काही न विचारता दिली, वर चार जास्तच घातल्या. तांबड्या काय, काळ्या काय, सगळ्या उतरवल्या आणि साऱ्या बागेला एकसारखा हिरवा चुडा भरला. संध्याकाळपर्यंत एकूण एक कलम जमिनीत गेलं होतं.

मामांनी झाडाला हात लावू नका म्हटलं होतं. मी झाडाला कुठं लावला, मी बांगडीला लावला. हे तेव्हाचं माझं म्हणणं, आणि ते मला फार बिनतोड वाटत होतं.

मामा आले तेव्हा ऊन उतरत होतं आणि सगळ्या माळावर काच चमकत होती. ते बांधावर थांबले. मी पुढे धावले, कौतुक ऐकायला.

"काळ्या कुठं हायत?" त्यांनी विचारलं.

मी त्या एका टोपलीत ठेवल्या होत्या. टोपली आणून दिली. मामांनी आत बघितलं, मग रानाकडे बघितलं, आणि पांढऱ्या बुटांसकट मातीत बसले.

"कुठलं झाड कुठलं ते आता फकस्त जमिनीला ठावं," म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. काळ्या बांगडीच्या झाडांच्या मातीत सूत्रकृमी असावेत असा त्यांना संशय होता. डोळ्यांना न दिसणारी अळी, मुळात शिरते, मुळाला गाठी आणते, झाडाला पाणी वर चढू देत नाही. पाण्याबरोबर पुढच्या रानात जाते. एकदा जमिनीत गेली की निघत नाही.

"सगळी उपटा, वैनी. आज. आत्ता. नवी मी देतो."

आमचे हे माझ्याकडे बघायला लागले. मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "मामा, चुडा भरलेली बाग उपटतात का? अपशकुन होईल."

आमच्या रानाच्या खाली, उताराला, संपतचं रान होतं. त्यानं सोसायटीतली नोकरी सोडून तेवढ्यावर सगळा भार टाकला होता, आणि त्याच हंगामात मामांकडून सरदार नेऊन लावला होता. स्वच्छ, मामांच्या मातृवृक्षाचा. मामा उठले, बुटांची माती झाडली आणि आमच्याकडे न बघता त्या खालच्या रानाकडे बघत म्हणाले, "तुमचं गेलं तर तुमचं गेलं. पाणी त्याच्याकडं जातंय."

मी उपटली नाहीत.

तिथून पुढे मामा दर गुरुवारी यायचे. हात मागे बांधून ओळीओळीतून फिरायचे. पानाची मागची बाजू बघायचे, बुंध्याशी बोट खुपसून माती हुंगायचे. आमच्या घरचा चहा त्यांनी बंद केला. रागानं नव्हे. "बाग ह्यातनं सुटू द्या, मग च्या," एवढंच म्हणायचे. कुणीतरी आजारी माणसाला बघायला यावं तसं त्यांचं येणं होतं, आणि आजारी कोण ते कुणालाच दिसत नव्हतं.

कारण बाग काय उधळली होती! पहिल्याच बहारात फांद्या जमिनीला टेकल्या. गुलाबी गर, एकेक फळ मुठीत न मावणारं. लोक बघायला यायला लागले. मी त्यांना फिरवायचे, फळ कापून द्यायचे आणि पत्रकातली वाक्यं ऐकवायचे. ते तिथून थेट मामांच्या नर्सरीत जायचे. "मामा, काकींच्यासारखीच कलमं पायजेत."

"न्हाईत."

"आणा की."

"आणणार न्हाय. एक पावसाळा थांबा."

"पर काकींची बाग तर…"

"थांबा म्हटलं न्हवं!"

लोक म्हणाले, म्हातारा भाव वाढवायला थांबवतोय. कोणी म्हणाले, डोकं फिरलंय. नंतर त्याच कलमांचे ट्रक परस्पर यायला लागले, आणि मामांच्या बाकड्यावर बसून चुलीची चौकशी ऐकायची गरज लोकांना उरली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मला एक झाड मलूल दिसलं. पानं अशी लोंबलेली, जसं कुणी रागावून गेलंय. संध्याकाळी गेले तर टवटवीत. दुसऱ्या दुपारी पुन्हा तसंच. मग शेजारचं. मी ठरवलं, झाडाला तहान लागलीय. मामांना विचारावं असं मनात आलं, पण मामा आले तर काय म्हणतील ते माहीत होतं, म्हणून विचारलं नाही. ठिबक बंद करून पाइपच सोडला. भरपूर पाणी दिलं. वाफे भरले, भरून वाहिले आणि उतारानं खाली गेले. मी बांधावर उभी राहून ते वाहतं पाणी कौतुकानं बघत होते. माझ्यासारखी बाई असली की अळीला पाय लागत नाहीत.

गुरुवारी मामा आले. त्या झाडापाशी बसले. हातानंच माती उकरली, एक मूळ ओढून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. बारीक मुळाला आल्याच्या कुड्यांसारख्या गाठीच गाठी होत्या.

"पाणी दिलंसा?" त्यांनी विचारलं.

"दिलं."

"किती?"

मी खाली संपतच्या रानाकडे बघितलं.

त्यांनी ती झाडं आणि त्यांच्या आजूबाजूची झाडं मुळासकट काढून जाळली. खालच्या बांधाला स्वतः उभं राहून चर मारून घेतला. मग पावसानं तो चर भरला आणि वरून पाणी गेलं. मामा भिजत संपतच्या बांधावर गेले. त्यांना त्याच्या झाडांची मुळं बघायची होती. संपतनं त्यांना आमच्या बागेत झाडं जाळताना बघितलं होतं. तो हात आडवा करून उभा राहिला.

"मामा, तुमी रानात नगा येऊ. पाया पडतो. माझी फुलावर हायत."

"एकच झाड बघू दे, संपत."

"नगा म्हणतो न्हवं!"

मामा पावसात तसेच उभे राहिले. मग बांधाबांधानं परत आले. मी लांबून बघत होते, छत्री घेऊन. बोलायला हवं होतं. माझ्या तोंडाला एरवी कुलूप नसतं.

संपतची बाग वर्षभरात बसली. वरच्या ओळीपासून सुरुवात झाली, आमच्या बांधाला लागून होती तिथून. मामांनी वेळेत झाडं काढल्यामुळे आमची अर्धीअधिक उभी होती आणि त्याची एकही राहिली नाही. तो एका बाजाराच्या दिवशी नर्सरीत आला. मी तिथंच होते, पुढे दुकानातही बायका होत्या. त्यानं पोतं उलटं केलं. गाठी आलेल्या मुळांचा ढीग मामांच्या बाकड्यावर पडला.

"ही तुमची जात! ही तुमची पारख! नोकरी सोडून तुमच्या शब्दावर झाडं लावली मी!"

त्याला रडू आवरत नव्हतं. बायकांच्या हातातली काकणं हातात राहिली. आणि मी, खरं सांगते, बोलले. मोठ्यानं बोलले. "संपत, मामांची झाडं चांगली होती. रोग माझ्या बागेतनं आला. काळ्या बांगड्या मी काढल्या, पाणीही मीच सोडलं."

सगळे माझ्याकडे वळले. संपतनं डोळे पुसले. "काकी, तुमी लई भोळ्या हाय. तुमची बाग उभी हाय आणि माझी गेली, म्हंजे रोग तुमच्याकडनं आला व्हय? बांगडीनं कवा झाड मरतंय व्हय?" मागून कुणी तरी हसलं. मीही त्या जागी असते तर हसलेच असते.

मी मामांकडे बघितलं. आता तरी सांगा, अशा आशेनं. मामा उठले. दाढीवरून हात फिरवला. भर बाजारात घुमणारा तो आवाज पुन्हा निघाला.

"जात मी निवडली. बाहेरची माती ह्या माळावर मी आणली. मणेराचं नाव बुडालं तर मणेरानं बुडवलं म्हणा! बायकांच्या काकणांनी बुडवलं म्हणू नगा!"

मग माझ्या जवळून जाताना, फक्त मला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले, "गप ऱ्हावा, वैनी. एवढी तरी चूक माझी असू द्या."

तो त्यांचा मोठेपणा होता का तोरा, हे मला आजही सांगता येत नाही. बहुधा दोन्ही. पण त्याचा परिणाम एकच झाला. त्या दिवसानंतर बाकड्यावर कोणी बसलं नाही.

मामांनी नर्सरीतला पेरूचा मातृवृक्षही स्वतःच्या हातानं काढला. तो निरोगी होता. "लोकांना भ्या वाटतंय," म्हणाले. मग ते पुढे दुकानात जैतूनमामींच्या शेजारी बसायला लागले. पांढरे बूट, मेंदी, अत्तर, सगळं तसंच. बायकांच्या हाताला काकण लावून बघायचे आणि सांगायचे, "ही घिऊ नगा. रोज भांडी घासता न्हवं? टिकणार न्हाय." जैतूनमामी कपाळावर हात मारायच्या. गिऱ्हाईक तुटायचं.

त्यांचं शेवटचं दर्शन मला संपतच्याच रानापाशी झालं. दोन पावसाळ्यांपूर्वी. संपतनं मधली वर्षं ऊस लावून काढली होती, आणि आता पुन्हा फळबागेवर आला होता. मी रानात गेले तर त्याच्या बांधाशी ट्रक उभा. परराज्यातल्या नंबरचा. आतून गुलाबी पेरूच्या पिशव्या उतरत होत्या, हातोहात, गाणी लावून. आसपासच्या चार रानांतलीही माणसं आपापल्या वाटणीची कलमं न्यायला जमली होती.

मामा रस्त्याच्या पलीकडे उभे होते. बारीक झाले होते, सदरा खांद्यावरून लोंबत होता. ते ट्रककडे बघत होते, मग उताराकडे, मग त्या उताराखालच्या रानांकडे, आणि पुन्हा ट्रककडे. मला बघितल्यावर त्यांनी हात केला. मी जवळ गेले.

"वैनी, माझं ऐकणार न्हाईत ती. तुमी सांगा." त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "एक पिशवी फाडून मुळं धुवून बघा म्हणावं. लावायच्या आदी. एकच."

मी गेले. गुडघ्यांनी दोनदा थांबवलं, तरी गेले. संपत पाटीत कलमं भरत होता. मी त्याला सगळं सांगितलं. मामांचं म्हणणं सांगितलं, आणि बरीच वर्षं कुणी खरं न मानलेली माझी गोष्टही पुन्हा पहिल्यापासून सांगितली. त्यानं ती नीट ऐकून घेतली. रागावला नाही. उलट पाटी खाली ठेवून माझ्या हाताला धरून मला सावलीला नेलं, बसवलं, पाण्याचा तांब्या दिला. रस्त्यापलीकडे मामा हात मागे बांधून वाट बघत होते. संपतनं तिकडे एकदा बघितलं आणि मला म्हणाला, "काकी, तुमी चांगल्या हाय म्हणून बोलायलाय. पर त्याचं ऐकून एकदा माझं वाटोळं झालं. आता परत त्यालाच इचारून झाडं लावू व्हय?"